ट्रायकोमोनास: निदान, दोघांचा उपचार आणि पुन्हा तपासणी, सोलापुरातला माझा अनुभव

ट्रायकोमोनियासिस हा ट्रायकोमोनास नावाच्या परजीवी जंतूचा आजार आहे आणि तो लैंगिक संबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात १५ ते ४९ वयाच्या लोकांमध्ये याच्या १५ कोटी ६० लाख नव्या लागणी झाल्या. औषधाने पूर्ण बऱ्या होणाऱ्या लैंगिक आजारांत एवढा मोठा आकडा दुसऱ्या कुठल्याच आजाराचा नाही. तरी मार्च २०२५ मध्ये माझ्या केसपेपरवर हे नाव लिहिलं गेलं, तेव्हा मी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. त्या रात्री मोबाईलवर शोधलं, तर इंग्रजीत माहिती ढीगभर मिळाली. आपल्यासारख्या बाईने मराठीत लिहिलेलं मात्र काही हाती लागलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. माझं नाव देत नाही. नवऱ्याला विचारूनच लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते. इथली औषधं माझ्यासाठी लिहिलेली होती. तुमची तुमच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवीत.

त्रास सुरू झाला जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत. घरात पाहुणे होते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे न्हाणीघरात कोण किती वेळ गेलं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. अंगावरून थोडं पांढरं जाणं मला नवीन नव्हतं. या वेळी रंग पिवळसर-हिरवट होता, थोडा फेस होता, आणि कपडे बदलले तरी आंबूस, खवट वास जात नव्हता. खाज होती. लघवीला जळजळायचं. संबंधाच्या वेळी दुखायचं, म्हणून मी टाळायला लागले, आणि का टाळते ते मात्र नवऱ्याला नीट सांगता येत नव्हतं.

जाऊबाईंना अर्धवट सांगितलं. त्या म्हणाल्या, "उष्णता झालीय गं. सब्जा भिजत घाल, धन्याचं पाणी पी." प्यायले. सोलापूरच्या उन्हाळ्यात धन्याच्या पाण्याचा गुण मी मानते, पण या जंतूवर त्याचा काही परिणाम होत नाही. हा आजार उष्णतेने होत नाही आणि थंडाव्याने जात नाही.

जानेवारीच्या शेवटी घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच ऐकलं, तपासलं नाही, आणि बुरशीच्या संसर्गाची एक गोळी आणि आत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. फी २००, औषधं साधारण ३५० रुपयांची. खाज काही दिवस कमी वाटली. पाळी येऊन गेली आणि सगळं परत सुरू झालं, आधीपेक्षा जास्त. पाळीच्या दिवसांत किंवा त्यानंतर हा त्रास वाढू शकतो, हे पुढे समजलं. बुरशीवरची औषधं या परजीवीला लागूच पडत नाहीत. बुरशी, जिवाणूंचा बिघडलेला तोल आणि ट्रायकोमोनास या तिन्हींत स्राव, वास, खाज यांची सरमिसळ असते. नुसतं ऐकून यातलं नेमकं काय आहे ते ओळखणं कठीण असतं. बाईने सांगितलेल्या वर्णनावर औषध देऊन तिला वाटेला लावण्याची पद्धत बंद व्हायला हवी, हे माझं ठाम मत आहे.

फेब्रुवारीत एका खासगी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी आतून तपासलं, कापसाच्या काडीवर स्राव घेतला. ती संध्याकाळची वेळ होती. नमुना दुसरीकडच्या लॅबमध्ये जाणार होता आणि न्यायला येणारा मुलगा अजून यायचा होता. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: पू-पेशी भरपूर, बुरशी नाही, परजीवी नाही. फी आणि तपासणी मिळून ८५० रुपये झाले. पाच दिवसांची एक अँटिबायोटिक मिळाली, तिचा उपयोग झाला नाही. रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे मलाच काहीतरी वाटतंय, असा विचार मनात येऊ लागला. त्या काळात मी कुणाशी नीट बोलत नव्हते. ऑफिसात कुणी जवळ येऊन बसलं की खुर्ची मागे सरकवायचे. कुणाला वास येईल ही भीती दिवसभर असायची. यातून जाणाऱ्या बाईला ही भीती काय असते ते सांगावं लागणार नाही.

वाट मिळाली ती १०९७ या क्रमांकावरून. ही एड्सविषयीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. इतर लैंगिक आजारांबद्दलही तिथे विचारता येतं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या गच्चीवरून फोन केला. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे गुप्तता पाळून लैंगिक आजारांची तपासणी आणि औषधं मिळतात. एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली, ती मी तशीच पुढे देते: पाळी चालू असताना जाऊ नका, जाण्याआधी दोन दिवस आत कुठलंही औषध ठेवू नका, आतून धुऊ नका आणि संबंध टाळा. नमुना तसाच्या तसा मिळाला पाहिजे.

सिव्हिलला म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात सोमवारी फार गर्दी असते, म्हणून ११ मार्चला, मंगळवारी गेले. जुळे सोलापूरहून रिक्षाने सकाळी लवकर निघाले. केसपेपरच्या रांगेत मोबाईल नंबर आणि आधार विचारलं. 'कशासाठी?' या प्रश्नाला रांगेत उभं राहून उत्तर द्यायला नको वाटतं. तिथे 'बायकांचा विभाग' एवढं म्हटलं तरी पुरतं. पुढचं आत डॉक्टरांना सांगायचं. खिडकीवर कुणाला आजार सांगत बसू नका.

बाकावर बराच वेळ गेला. शेजारी एक विडी कामगार बाई होत्या, अशोक चौकाकडच्या. तेलुगू वळणाच्या मराठीत त्यांनी विचारलं, "अक्का, तुमालाबी अंगावरनं जातंय काय?" इतक्या महिन्यांत एवढं सरळ कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, त्यांना दोन वर्षं हाच त्रास आहे, बसून बसून विड्या वळल्याने होतो असं सगळे म्हणतात. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. पुढे त्या कधी भेटल्या नाहीत.

डॉक्टर तरुण होत्या. आधी समुपदेशक ताईंनी दार लावून माहिती घेतली: लग्नाला किती वर्षं झाली, कुटुंबनियोजनाचं काय साधन वापरता, नवऱ्याला काही त्रास आहे का, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आहेत का, त्यांचे असू शकतील का. शेवटचे प्रश्न ऐकून माझे कान तापले. पण त्यांनी ते 'ताप आहे का, खोकला आहे का' याच आवाजात विचारले, सगळ्यांना विचारतात तसे. खरं काय ते सांगा. तिथली माहिती गुप्त राहते आणि उपचार त्यावरच ठरतो.

मग तपासणी. आत बघण्यासाठी यंत्र घालतात तेव्हा ताण देऊ नका, लांब श्वास सोडा. अवघडल्यासारखं होतं, पण दोन मिनिटांचं काम असतं. डॉक्टरांनी आधी एक कागदी पट्टी लावून आम्लता बघितली. निरोगी योनीत पीएच (आम्लता जास्त तितका हा आकडा कमी) साधारण ४.५ किंवा त्याहून कमी असतो, माझा त्याच्या वर होता. मग काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात स्राव, वर पातळ काच, आणि ती काच घेऊन त्या लगेच शेजारच्या खोलीत गेल्या. पळतच म्हणावं इतक्या लगबगीने.

थोड्या वेळाने मला हाक मारली. "बघायचंय?" सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गोल गोल पेशी स्थिर पडल्या होत्या आणि त्यांच्यामधून एवढ्याच आकाराचं काहीतरी गोते खाणाऱ्या पतंगासारखं झटके देत फिरत होतं. पुढच्या टोकाला चार शेपट्या असतात, त्यांच्या फटकाऱ्यांनी तो असा हलतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. फ्रान्समध्ये आल्फ्रेड दोने नावाच्या डॉक्टरने १८३६ साली हा जंतू पहिल्यांदा असाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. मला किळस येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. इतके दिवस मी सांगत होते ते खरं होतं, हे डोळ्यांनी दिसलं आणि मला रडू आलं.

फेब्रुवारीतला रिपोर्ट का चुकला, तेही तिथेच समजलं. या तपासणीत जंतू ओळखायचा तो मुख्यतः त्याच्या हालचालीवरून. नमुना शरीराबाहेर काढल्यावर दहा-वीस मिनिटांतच तो मंदावायला लागतो. एकदा थांबला की पांढऱ्या पेशींतून वेगळा काढणं अवघड होतं. लगेच बघितलं तरी या पद्धतीने बऱ्याच रुग्णांमध्ये तो सापडत नाही, म्हणून 'दिसला नाही' याचा अर्थ 'नाहीच' असा घ्यायचा नाही. पीसीआरसारख्या जनुकीय तपासण्या जास्त खात्रीच्या असतात, पण त्या सगळीकडे होत नाहीत आणि महाग असतात. माझा आग्रहाचा सल्ला: नमुना देण्याआधी विचारा, 'काच कुठे आणि किती वेळात बघणार?' शक्यतो सकाळी जा, आणि लॅब त्याच इमारतीत आहे अशाच ठिकाणी नमुना द्या.

त्याच दिवशी एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासणीसाठी रक्त घेतलं. दोन्ही तपासण्यांना पैसे लागले नाहीत. एचआयव्हीच्या तपासणीआधी समजावून सांगतात, संमती घेतात. एक लैंगिक आजार सापडला की बाकीचेही बघावे लागतात. शिवाय ट्रायकोमोनासमुळे आतल्या नाजूक त्वचेला सूज येते आणि अशा वेळी एचआयव्हीचा संपर्क झाला तर लागण होण्याचा धोका वाढतो. रिपोर्ट दुपारनंतर मिळाले. दोन्ही निगेटिव्ह. मधला वेळ मी कँटीनमध्ये चहा समोर ठेवून काढला. तो वेळ एकटीने काढायचा नसेल तर एखादी विश्वासाची मैत्रीण बरोबर न्या.

औषधाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. सुरक्षा क्लिनिकमध्ये रंगांप्रमाणे औषधांचे संच असतात. योनीतून स्राव जाण्याच्या तक्रारीसाठी हिरवा संच आहे, त्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि बुरशीसाठी फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम असतं. सूक्ष्मदर्शकाची सोय नसेल तिथे लक्षणांवरून उपचार लगेच सुरू व्हावा हा त्यामागचा हेतू आहे. माझ्यात जंतू प्रत्यक्ष दिसला होता, म्हणून डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस असं लिहिलं. मी विचारलं, एकदाच घ्यायचा मोठा डोस चालणार नाही का? त्यांनी सांगितलं, २०१८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात स्त्रियांचे दोन गट केले होते. एकदाच २ ग्रॅम घेतलेल्यांपैकी १९ टक्के स्त्रियांमध्ये पुन्हा तपासल्यावर जंतू सापडला, सात दिवस गोळ्या घेतलेल्यांत ११ टक्के. तेव्हापासून बायकांसाठी सात दिवसांचा कोर्स जास्त चांगला मानतात. गोळ्या रुग्णालयातूनच मिळाल्या. बाहेर घेतल्या तरी पट्टी वीस-पंचवीस रुपयांची असते. आधीच्या चुकीच्या औषधांवर आणि फीवर माझे जवळपास १४०० रुपये गेले होते.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही एकट्या गोळ्या घेऊन उपयोग नाही. त्यांनाही घ्याव्या लागतील, त्यांना काही होत नसलं तरी." ज्यांना लागण होते त्यांतल्या साधारण ७० टक्के लोकांना काहीच लक्षण नसतं, आणि पुरुषांमध्ये तर बहुतेकांना नसतं. जंतू मूत्रमार्गात गप्प बसतो. बायको बरी होते आणि नवऱ्याकडून परत लागण होते. मी विचारलं, त्यांच्या नावाने गोळ्या मीच घेऊन जाऊ का? डॉक्टर म्हणाल्या, त्यांना इकडेच पाठवा, त्यांचंही रक्त तपासायला हवं आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का ते विचारायला हवं.

आणि मग मी तो प्रश्न विचारला. हे आलं कुठून?

समुपदेशक ताईंनी उत्तर दिलं. मी ते जवळपास शब्दशः लिहून ठेवलं आहे. "हा जंतू शरीरात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, काही त्रास न देता राहू शकतो. लक्षणं दिसली तर लागणीनंतर ५ ते २८ दिवसांत दिसतात, पण पुष्कळांना ती फार उशिरा दिसतात किंवा कधीच दिसत नाहीत. रिपोर्ट एवढंच सांगतो की जंतू आहे. कधी आला, आधी कोणात होता, हे सांगणारी तपासणी नाही. घरी जाऊन यावरून भांडण काढू नका आणि कुणाला काढू देऊ नका." नंतर त्यांनी आणखी एक विचारलं, घरी सांगितल्यावर मारहाणीची भीती आहे का? माझ्या घरी ती नव्हती. ज्यांच्या घरी आहे त्यांनी आधी समुपदेशकांना सांगावं, त्या नवऱ्याला बोलावून स्वतः बोलतात. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइनही आहे.

माझे मिस्टर एमआयडीसीत यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. रात्री मुलगा झोपल्यावर त्यांना सांगितलं. आधी काळजी होती: "अगं, मग एवढे दिवस बोलली का नाहीस?" त्यांनाही गोळ्या घ्याव्या लागतील म्हटल्यावर आवाज बदलला. "मला काय झालंय? मला तर काहीच नाही. डॉक्टर काय म्हणाल्या, माझ्यापासून झालं म्हणून?" मी म्हटलं, "अहो, असं कुणीच म्हणालं नाही. कुणापासून झालं ते कळतच नाही. माझ्यापासून तुम्हाला झालेलं असू शकतं." मग आमचं बराच वेळ बोलणं झालं. लग्नाआधीचं, नंतरचं, विश्वासाचं. ते सगळं इथे लिहिणार नाही, ते आमचं आहे. एवढं सांगते की एका रात्रीत ते मिटलं नाही. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. माझा कोर्स चालू होता. होळीला पुरणाचा स्वयंपाक केला आणि आम्ही दोघं मुलाशी बोलत जेवलो.

धुळवडीच्या संध्याकाळी ते स्वतःहून म्हणाले, "उद्या सुट्टी टाकतो. कुठं जायचं ते दाखव." दरवर्षी ते धुळवडीला मित्रांबरोबर बसतात. त्या वर्षी बसले नाहीत, कारण गोळ्यांच्या माहितीपत्रकात दारू वर्ज्य लिहिलेली त्यांनी वाचली होती. माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती.

शनिवारी, १५ मार्चला दोघं गेलो. पुरुषांचं त्वचारोग विभागाकडे असतं, तिथली रांग वेगळी. त्यांचीही एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी झाली, दोन्ही निगेटिव्ह. पुरुषांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू सापडणं आणखी कठीण असतं, म्हणून बायकोचं निदान पक्कं असेल तर नवऱ्याला रिपोर्टची वाट न बघता औषध देतात. त्यांना मेट्रोनिडाझोलचा एकदाच २ ग्रॅमचा डोस होता, म्हणजे ४०० च्या पाच गोळ्या एका वेळी. रात्री पोटभर जेवल्यावर घेतल्या. तासाभराने मळमळ सुरू झाली, उलटी झाली नाही. रिकाम्या पोटी हा डोस घेऊ नका. गोळ्या घेतल्यावर लगेच उलटी झाली तर डॉक्टरांना विचारा, डोस परत घ्यावा लागू शकतो.

माझ्या सात दिवसांबद्दल. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते, चहासुद्धा कडू लागतो. कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी एवढंच मला गोड लागत होतं. लघवीचा रंग गडद होतो, घाबरायचं कारण नाही. डोकं थोडं जड राहतं. चौथ्या-पाचव्या दिवशी वास आणि जळजळ गेल्यात जमा होती. तिथेच गोळ्या थांबवाव्याशा वाटतात, थांबवायच्या नाहीत, शेवटची गोळी संपेपर्यंत घ्यायच्या. दारू कोर्स चालू असताना आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस नको. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर मेट्रोनिडाझोल घेण्याआधी सांगायलाच हवं, दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोघांचंही औषध पूर्ण होऊन त्यावर एक आठवडा जाईपर्यंत आणि सगळी लक्षणं थांबेपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. पुढे पुन्हा तपासणी होईपर्यंत निरोध वापरा, असं आम्हाला सांगितलं. निरोधामुळे धोका बराच कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण निरोधाने न झाकलेल्या भागातूनही जंतू पसरू शकतो. निरोध क्लिनिकमध्ये फुकट मिळतात. मागायला लाजू नका.

मी टॉवेलच्या धंद्यात आहे, त्यामुळे माझा पहिला प्रश्न टॉवेलचाच होता. सासूबाई, मुलगा, सगळ्यांचे टॉवेल एकाच दोरीवर वाळतात. ओल्या कपड्यावर हा जंतू थोडा वेळ जिवंत राहू शकतो, पण अशा वाटेने लागण झाल्याची उदाहरणं अगदी विरळ आहेत. संडासाचं भांडं, पोहण्याचा तलाव, एकत्र जेवणं, मिठी मारणं, यातून तो पसरत नाही. घरात कुणाचं ताट-वाटी वेगळं काढायची गरज नाही. मुलाला जवळ घेऊन झोपायचं मी काही दिवस थांबवलं होतं. ते ऐकून डॉक्टरांनी मला त्याच रात्रीपासून त्याला जवळ घ्यायला सांगितलं. आतून साबणाने किंवा जाहिरातीतल्या सुगंधी द्रवाने धुऊ नये, हेही तिथेच कळलं. त्याने योनीतले उपयोगी जिवाणू मरतात आणि संसर्गाला जागा होते. बाहेरून साधं पाणी पुरतं.

एप्रिलमध्ये, ४२ अंशांच्या उन्हात, पुन्हा थोडं पांढरं दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. दाखवून आले. ते पाळीच्या मधल्या दिवसांतलं नेहमीचं पाणी होतं: पारदर्शक, चिकट, वास नसलेलं. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं की उपचार घेतलेल्या दर पाच बायकांपैकी साधारण एकीला तीन महिन्यांत परत लागण झालेली आढळते, बहुतेक वेळा जोडीदाराचा उपचार न झाल्यामुळे. म्हणून बरं वाटत असलं तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं. पीसीआर करायची असेल तर औषध संपल्यावर निदान तीन आठवडे थांबावं, नाहीतर मेलेल्या जंतूंचे अवशेष सापडून रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतो.

मे महिन्यात जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सब्जाचा विषय काढला नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "मलाबी आहे गं तसलंच. कुणाला सांगायचं?" मी त्यांना घेऊन गेले. त्यांचं वेगळंच निघालं, जिवाणूंचं. तो लैंगिक आजारांत धरत नाहीत, औषध वेगळ्या मुदतीचं मिळालं. कुठला आजार आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही, हे आमच्या एकाच घरात दोनदा दिसलं.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, पुन्हा तपासणी केली. या वेळी मी पीसीआर खासगी लॅबमध्ये करून घेतली. २८०० रुपये लागले आणि नमुना बाहेरगावी गेल्याने रिपोर्टला तीन दिवस. एवढा खर्च करणं सगळ्यांना गरजेचं नाही, सिव्हिलमध्ये काच बघून घेता येते. मला खात्री हवी होती, कारण आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करत होतो. गरोदरपणात हा संसर्ग असेल तर पाणमोट लवकर फुटण्याचा, दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा, बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. एचआयव्हीची तपासणीही दोघांनी तीन महिन्यांनी परत केली, कारण अगदी अलीकडची लागण पहिल्या तपासणीत दिसत नाही.

सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले. ते घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो, या वेळी एकाच बाकावर बसलो. त्यांनी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या आणि केसपेपरवर ट्रायकोमोनासची नोंद, औषधाचं नाव, डोस, तारखा आणि नवऱ्याच्या उपचाराची तारीख एका ओळीत लिहून दिली. दिवस राहिले की ज्या डॉक्टरांकडे नाव घालाल त्यांना पहिल्याच भेटीत हा कागद दाखवा आणि स्राव जाऊ लागला तर वाट न बघता तपासून घ्या, असं सांगितलं. त्या कागदाची झेरॉक्स काढून एक प्रत मिस्टरांच्या फाईलमध्ये आणि एक माझ्या फाईलमध्ये लावली आहे.